एकच निरोप्या, दोन निरोप

कुत्र्याचा मोतीबिंदू काढताना नुसती भूल पुरत नाही. भुलेत त्याचा डोळा खाली वळतो आणि डॉक्टरांना तर तो समोर, स्थिर हवा असतो. म्हणून अ‍ॅट्राक्युरियमसारखे स्नायू सैल करणारे औषध देतात. त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात. तेवढा वेळ श्वास यंत्राने द्यायचा.

काम झाले की स्नायू जागे करायचे. ते अर्धवट सैल राहिले, तर जनावराला श्वास पुरत नाही. त्यासाठी निओस्टिग्मीन आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन एरवी क्षणात मोडते. निओस्टिग्मीन ते मोडू देत नाही. साठा वाढतो आणि सैल करणाऱ्या औषधाला मागे रेटतो.

पण गंमत पाहा, हाच निरोप्या हृदयाच्या दारीही जातो. पायाला तो ‘हल’ म्हणतो, हृदयाला ‘हळू’! ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांतून हा रासायनिक निरोप उघड झाला. मग ठोके मंदावतात, क्वचित थांबतातही.

म्हणून आधी किंवा सोबत अ‍ॅट्रोपीन अथवा ग्लायकोपायरोलेट देतात. ते हृदयाचे दार अडवते, स्नायूंचे नाही. त्याने ठोके उलट धावूही शकतात. ईसीजीवरून नजर हलवायची नाही. मुके जनावर, त्यातून भुलेत, सांगणार कोण?

सुगामाडेक्स हे नवे औषध निरोप्याला छेडत नाही, सैल करणाऱ्या औषधाचा रेणूच कवेत घेते. मात्र ते रोक्युरोनियम, वेक्युरोनियमपुरतेच. अ‍ॅट्राक्युरियम दिले असेल, तर जुनी जोडगोळीच हाताशी लागते.