कोर्टाची पायरी चढताना

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ती चढायची की नाही, हे दरवेळी आपल्या हाती नसते. माहेरी परतलेली एखादी भगिनी दोन लेकरांना घेऊन भावाकडे राहते. सासरी निरोप पाठवून थकते आणि शेवटी जळगाव किंवा धुळ्याच्या न्यायालयात पोटगीचा अर्ज करते. समन्स मिळाल्यावर पती हजर होतो आणि आपल्या लेखी म्हणण्यात एक वाक्य टाकतो : ‘मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे.’ तिला हे प्रथमच कळते. आता सारे संपले, असे समजून कितीतरी घरे तिथेच हार मानतात. तसे करण्याचे कारण नाही. का, ते समजण्यासाठी आधी दाव्याची वाट पाहू.

अर्जापासून निकालापर्यंत

पोटगीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. पती राहतो तिथेच अर्ज करावा लागतो, हा गैरसमज आहे. पत्नी जिथे राहते तिथेही तो करता येतो. सासर जळगावचे आणि माहेर धुळ्याचे असेल, तर तिने धुळ्यात अर्ज केला तरी चालतो.

अर्जानंतर समन्स निघते, पती लेखी म्हणणे देतो. खटला चालू असताना घर चालावे म्हणून अंतरिम पोटगीचा वेगळा अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तो निकाली काढावा, असे कायदा सांगतो. दोघांनाही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ते बंधनकारक केले. पुढे साक्ष, उलटतपास, युक्तिवाद आणि निकाल असा क्रम असतो.

आधीचा निकाल का मोलाचा?

युक्तिवादाच्या वेळी वकील आधीच्या निकालांचे दाखले देतात. कोर्टात त्याला ‘सायटेशन’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला कायदा राज्यघटनेच्या कलम 141 नुसार देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या हाताखालच्या न्यायालयांना पाळावा लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात.

त्याच खंडपीठात तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने 2 मे 2002 रोजी दगडू पठाण खटल्याचा निकाल दिला. पत्नीने तलाक नाकारला, तर तो झाला हे पतीने पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. लेखी म्हणण्यात किंवा साक्षीत ‘तलाक दिला’ असे सांगणे पुरेसे नाही. तलाकचे कारण काय, मध्यस्थ नेमले होते का, समेटाचा प्रयत्न झाला का, हेही दाखवावे लागते. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली.

आपल्याला हे नवे वाटू नये. पती-पत्नीत फूट पडण्याची भीती असेल, तर एक मध्यस्थ त्याच्या घरातून आणि एक तिच्या घरातून नेमावा, हा आदेश सूरह निसाच्या 35 व्या आयतीत आहे. न्यायालयाने तीच पायरी पार पडली का, असे विचारले. आपण ती घरात पाळली असती, तर कितीतरी खटले कोर्टापर्यंत गेलेच नसते.

आणि तलाक सिद्ध झाला तरी पोटगीचा प्रश्न मिटत नाही. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्री पोटगीच्या कायद्यात ‘पत्नी’च धरली जाते. मुस्लिम घटस्फोटितेलाही हे कलम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 रोजी स्पष्ट केले.

दाखला सर्वांना सारखा लागू होत नाही

निकालाचा आधार घेताना त्यातील हकीकत आपल्या हकीकतीशी जुळावी लागते. भुसावळचे प्रकरण पाहा. तिथे एका पतीवर 2019 च्या तिहेरी तलाकविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्याने साक्षीदारांसमोर एकदाच तलाक उच्चारला होता आणि इद्दतीच्या काळात दोघे पुन्हा एकत्र आले नव्हते. हा तलाक-ए-अहसन आहे. 2019 चा कायदा एका दमात दिलेल्या, मागे न घेता येणाऱ्या तलाकपुरता आहे, असे सांगून औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल 2025 मध्ये तो गुन्हा रद्द केला. ‘तिहेरी तलाक गुन्हा आहे’ ही बातमी सर्वांनी वाचली होती. कोणता तलाक, हे फार थोड्यांनी विचारले होते. म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या मथळ्यावरून आपल्या खटल्याचा अंदाज बांधू नये. निकालाची प्रत वकिलाकडून समजून घ्यावी.

घरी काय जपून ठेवावे?

निकाहनामा, मेहरची नोंद, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या, औषधांची बिले, पतीच्या उत्पन्नाचा पुरावा आणि आलेली प्रत्येक नोटीस एका पिशवीत ठेवा. समेटाची बैठक झाली, तर तारीख आणि हजर असलेल्यांची नावे लिहून सह्या घ्या. पतीच्या बाजूलाही हे तितकेच उपयोगी आहे. तारीख चुकवू नका. ठरलेली पोटगी थकली, तर ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा, नाहीतर तेवढी थकबाकी हातची जाते.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावरही विचारता येते.

पायरी चढण्याची वेळ कोणावर न येवो, ही आमची दुआ. पण आलीच, तर आपल्या बहिणीला किंवा लेकीला तिथे एकटी पाठवू नका. आणि समोरून ‘तलाक दिला’ असे वाक्य आले, तर हार मानण्याआधी तिच्या वकिलाला एवढेच विचारा : हे सिद्ध कसे करणार?