जम्मू आणि काश्मीरमधील संपर्कबंदी (२०१९–२०२१)

जम्मू आणि काश्मीरमधील संपर्कबंदी ही भारत सरकारने ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्रीपासून तत्कालीन जम्मू आणि काश्मीर राज्यात लागू केलेली दळणवळण सेवांची स्थगिती होय. आरंभी काश्मीर खोऱ्यात लँडलाइन दूरध्वनी, मोबाइल, ब्रॉडबँड आणि केबल दूरचित्रवाणी या सर्व सेवा एकाच वेळी बंद करण्यात आल्या. पुढे त्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. मात्र वेगवान मोबाइल इंटरनेट (फोरजी) संपूर्ण प्रदेशात पूर्ववत होण्यास ५ फेब्रुवारी २०२१ उजाडले. कोणत्याही लोकशाही देशात इतक्या दीर्घ काळ चाललेली इंटरनेटबंदी क्वचितच आढळते. या बंदीविरुद्धच्या याचिकांमधून भारतातील इंटरनेट स्थगितीविषयीचे महत्त्वाचे न्यायिक निकष तयार झाले.

पार्श्वभूमी

१९४७ पासून जम्मू आणि काश्मीर हा भारत व पाकिस्तान यांच्यातील वादाचा विषय आहे. भारत संपूर्ण प्रदेशास आपला अविभाज्य भाग मानतो, पाकिस्तान त्यावर दावा सांगतो, आणि दोन्ही देशांच्या ताब्यातील भाग नियंत्रण रेषेने विभागले गेले आहेत. १९८९ नंतरच्या सशस्त्र दहशतवादामुळे सुरक्षा यंत्रणा संपर्कसाधनांकडे प्रथमपासूनच संशयाने पाहत आल्या. देशाच्या अन्य भागांत मोबाइल १९९५ मध्ये आला. काश्मीरमध्ये ही सेवा सुरू होण्यास २००३ साल उजाडावे लागले. २००९ च्या अखेरीस प्रीपेड जोडण्या काही काळ बंद करण्यात आल्या. २०१० च्या आंदोलनानंतर प्रीपेड ग्राहकांच्या लघुसंदेशांवर घातलेली बंदी २०१४ पर्यंत टिकली. जुलै २०१६ मध्ये हिज्बुल मुजाहिदीनचा कमांडर बुरहान वानी चकमकीत मारला गेल्यावर मोबाइल इंटरनेट अनेक महिने बंद राहिले, तर एप्रिल २०१७ मध्ये २२ समाजमाध्यमे व संदेशसेवांवर महिनाभराची बंदी आली. त्यामुळे २०१९ मधील पाऊल अपूर्व होते ते त्याच्या व्याप्तीमुळे. त्यामागची पद्धत जुनीच होती.

ऑगस्ट २०१९

२ ऑगस्ट रोजी अमरनाथ यात्रा मध्येच थांबवून यात्रेकरू व पर्यटकांना खोरे सोडण्यास सांगण्यात आले. अतिरिक्त निमलष्करी दले आधीच दाखल झाली होती. ४ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास दूरध्वनी बंद पडले, जमावबंदी लागू झाली आणि माजी मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला व मेहबूबा मुफ्ती यांच्यासह अनेक नेते स्थानबद्ध झाले. दुसऱ्या दिवशी गृहमंत्री अमित शाह यांनी राज्यसभेत अनुच्छेद ३७० अन्वये असलेला विशेष दर्जा संपुष्टात आणणारा प्रस्ताव आणि राज्याच्या पुनर्रचनेचे विधेयक मांडले. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून राज्याऐवजी जम्मू-काश्मीर व लडाख असे दोन केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आले. ज्यांच्या घटनात्मक स्थितीत हा बदल होत होता, त्यांपैकी बहुतेकांना तो उपग्रह दूरचित्रवाणीवरून किंवा आकाशवाणीवरून समजला. त्यावर आपले मत सार्वजनिकरीत्या मांडण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

पाकिस्तानने ७ ऑगस्ट रोजी राजनैतिक संबंधांचा दर्जा खाली आणला व द्विपक्षीय व्यापार थांबवला. १६ ऑगस्ट रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत या प्रश्नावर बंद दाराआड चर्चा झाली.

सेवांची टप्प्याटप्प्याने पुनर्स्थापना

संपर्कबंदी एका दिवसात उठली नाही. लँडलाइन दूरध्वनी ऑगस्टच्या मध्यापासून हळूहळू सुरू झाले आणि सप्टेंबरच्या आरंभी बहुतेक दूरध्वनी केंद्रे कार्यान्वित झाली. परंतु मोबाइलच्या प्रसारानंतर घरोघरी लँडलाइन उरलेले नव्हते, त्यामुळे या टप्प्याचा लाभ मर्यादित राहिला. पोस्टपेड मोबाइलवरील संभाषण १४ ऑक्टोबर रोजी, म्हणजे ७० हून अधिक दिवसांनी सुरू झाले; त्याच दिवशी लघुसंदेश मात्र पुन्हा थांबवण्यात आले व ते नववर्षाच्या आरंभी परत मिळाले. प्रीपेड ग्राहकांना जानेवारी २०२० च्या मध्यापर्यंत थांबावे लागले. कारगिलमध्ये मोबाइल इंटरनेट २७ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाले.

२५ जानेवारी २०२० रोजी इंटरनेट परत आले ते केवळ टूजी वेगाने, आणि सरकारने मान्य केलेल्या ३०१ संकेतस्थळांपुरते. समाजमाध्यमे या यादीत नव्हती. ही योजना तांत्रिकदृष्ट्याही सदोष होती. आजचे कोणतेही संकेतस्थळ आपली चित्रे, आज्ञावली व पडताळणी यंत्रणा इतर अनेक पत्त्यांवरून मागवते. ते पत्ते यादीत नसल्यास मान्यताप्राप्त संकेतस्थळही अर्धवट उघडते किंवा उघडतच नाही. अनेकांनी व्हीपीएनचा आधार घेतला आणि फेब्रुवारीत पोलिसांनी त्याच्या गैरवापराबद्दल गुन्हाही नोंदवला. ४ मार्च रोजी यादी रद्द झाली, वेगमर्यादा कायम राहिली. ऑगस्ट २०२० मध्ये गांदरबल व उधमपूर या दोन जिल्ह्यांत फोरजीची चाचणी सुरू झाली. इतर जिल्ह्यांना आणखी सहा महिने वाट पाहावी लागली.

दैनंदिन जीवनावरील परिणाम

पहिल्या आठवड्यांत श्रीनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील मोजक्या दूरध्वनींपुढे रांगा लागत. १२ ऑगस्टच्या बकरी ईदला बाहेरगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना घरी बोलता आले नाही. काश्मिरी विद्यार्थ्यांची मोठी संख्या असलेल्या पुण्यातही हीच स्थिती होती. पत्रकारांसाठी प्रशासनाने श्रीनगरमधील एका हॉटेलात माध्यम केंद्र उघडले. तेथील काही संगणकांवर शेकडो बातमीदार पाळीपाळीने, अधिकाऱ्यांच्या देखत, बातम्या पाठवत. स्वतंत्र वार्तांकनावर याचा जो परिणाम झाला तो नोंदवण्यास वेगळ्या पुराव्याची गरज नाही. नोव्हेंबरमध्ये रेल्वे पुन्हा सुरू झाल्यावर विद्यार्थी व व्यावसायिक परीक्षा-अर्ज आणि करविवरणपत्रे भरण्यासाठी बनिहालच्या सायबर कॅफेंपर्यंत प्रवास करू लागले. या गाडीला लोक ‘इंटरनेट एक्सप्रेस’ म्हणत. डिसेंबर २०१९ मध्ये अनेक काश्मिरी क्रमांक व्हॉट्सॲपच्या गटांमधून आपोआप बाहेर पडू लागले, कारण १२० दिवस निष्क्रिय राहिलेली खाती त्या सेवेच्या नियमानुसार रद्द होत होती.

आर्थिक फटका सफरचंदाच्या हंगामात विशेष जाणवला. भारतातील बहुतांश सफरचंद खोऱ्यात पिकते आणि दर, मालमोटारी व पैसे यांचा सारा व्यवहार दूरध्वनीवर चालतो. केंद्राने नाफेडमार्फत थेट खरेदीची योजना आणली. परंतु दहशतवाद्यांनी ऑक्टोबरमध्ये मालमोटारचालक व व्यापाऱ्यांवर केलेल्या जीवघेण्या हल्ल्यांमुळे भीती वाढली. काश्मीर चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीने ऑगस्ट ते डिसेंबर २०१९ या काळातील नुकसान १७,८७८ कोटी रुपये असल्याचा अंदाज मांडला. हा आकडा व्यापारी संघटनेचा आहे आणि त्यात केवळ इंटरनेटबंदीचे नव्हे तर एकूण टाळेबंद स्थितीचे नुकसान धरले आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

मार्च २०२० नंतर कोविड-१९ च्या साथीत देशभर वर्ग, वैद्यकीय सल्ला व न्यायालये इंटरनेटवर गेली, तेव्हा खोऱ्यात टूजी होते. अतिदक्षता विभागासाठीची मार्गदर्शक तत्त्वे उतरवून घेण्यासही फार वेळ लागत असल्याची तक्रार तेथील डॉक्टरांनी जाहीरपणे केली.

सरकारची भूमिका

दहशतवादी व त्यांचे सीमेपलीकडील सूत्रधार यांच्यातील संपर्क तोडणे, अफवा रोखणे आणि २०१६ सारखा रक्तपात टाळणे ही कारणे सरकारने दिली. सामान्यांचे इंटरनेट सुरू ठेवून केवळ दहशतवाद्यांचे बंद करता येत नाही, असा परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांचा युक्तिवाद होता. ५ ऑगस्टनंतर पोलीस गोळीबारात एकही मृत्यू झालेला नाही, असे गृहमंत्र्यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यसभेत सांगितले. टीकाकारांचा आक्षेप असा की शांतता आणि आवाजच बाहेर न येणे यांत भेद करण्याची सोय या काळात कुणापाशी नव्हती.

न्यायालयीन लढा

इंटरनेट स्थगितीचा आधार भारतीय टेलिग्राफ कायदा, १८८५ आणि त्याखालील २०१७ चे नियम हा होता. या नियमांनुसार गृहसचिव सकारण आदेश काढतात आणि पुनरीक्षण समिती तो पाच कामकाजाच्या दिवसांत तपासते. काश्मीर टाइम्सच्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांनी ऑगस्ट २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या दैनिकाची श्रीनगर आवृत्ती संपर्काअभावी निघू शकत नव्हती. सुनावणीत सरकारने सर्व आदेश न्यायालयापुढे ठेवले नाहीत.

१० जानेवारी २०२० रोजी न्या. एन. व्ही. रमणा, आर. सुभाष रेड्डी व अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. इंटरनेटद्वारे अभिव्यक्ती व व्यवसाय यांना अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे. अनिश्चित काळाची स्थगिती बेकायदेशीर आहे. आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. आणि दर सात दिवसांनी त्यांचा फेरविचार व्हावा, असे त्यात म्हटले आहे. परंतु न्यायालयाने बंदी स्वतः उठवली नाही, फेरविचार प्रशासनावरच सोपवला. ११ मे २०२० रोजी फोरजीविषयीच्या याचिकेतही निर्णय एका विशेष समितीकडे गेला, आणि तिचे प्रमुख केंद्रीय गृहसचिव होते. ज्या यंत्रणेचा आदेश तपासायचा त्याच यंत्रणेकडे तपासणी दिली गेली, ही विधिज्ञांची प्रमुख टीका आहे. निकालातील तत्त्वे व प्रत्यक्ष दिलासा यांत वर्षभराचे अंतर पडले ते यामुळेच.

नंतरच्या घडामोडी

स्थानबद्ध नेत्यांपैकी ओमर अब्दुल्ला मार्च २०२० मध्ये, तर मेहबूबा मुफ्ती ऑक्टोबर २०२० मध्ये मुक्त झाल्या. अनुच्छेद ३७० विषयीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२३ रोजी वैध ठरवला.

नियंत्रण रेषेपलीकडील, भारतात पाकव्याप्त काश्मीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात दूरसंचाराची सूत्रे दीर्घकाळ पाकिस्तानी लष्कराच्या स्पेशल कम्युनिकेशन्स ऑर्गनायझेशनकडे राहिली आहेत. मे २०२४ मध्ये तेथे पीठ व विजेच्या दरांविरुद्ध आंदोलन पेटले तेव्हा तेथील प्रशासनानेही मोबाइल इंटरनेट बंद केले होते.

भारतात २०१७ च्या नियमांची जागा नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरसंचार कायदा, २०२३ खालील नव्या नियमांनी घेतली. स्थगितीचा आदेश कारण, क्षेत्र व कालावधीसह प्रसिद्ध करणे आता नियमातच बंधनकारक असून एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस आहे. नवा आदेश काढून ती वाढवता येते.