चाकांवरील खेळ आणि कमरेचें दुखणें

आमच्या वऱ्हाडांत बर्फ पाहावयास मिळतो तो सरबताच्या गाडीवर. बर्फावरील स्केटिंग आम्हांस चित्रांतूनच ठाऊक. परंतु चाकांच्या बुटांवरील स्केटिंग आतां आपल्या मुलांच्याहि ओळखीचें झालें आहे. २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई सामन्यांत भारताच्या पुरुष व स्त्री अशा दोन्ही संघांनीं ३००० मीटर रिले शर्यतींत कांस्यपदकें मिळविलीं. पुरुषांच्या संघांत विक्रम इंगळे व सिद्धांत कांबळे हीं नांवें वाचून आम्हांस विशेष आनंद झाला.

ह्या खेळांतील कमरेच्या दुखण्याविषयीं मात्र पालकांस फारसें कोणी सांगत नाहीं.

शर्यतीच्या खेळाडूस वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून कमरेंत वांकून धांवावें लागतें. तितका वेळ धड तोलून धरतां धरतां पाठीचे स्नायू थकतात. त्यांत वळणें सर्व डावीकडचीं, त्यामुळें भार दोहों बाजूंस सारखा पडत नाहीं. कलात्मक स्केटिंगमध्यें उलट प्रकार. तेथें पाठ मागें वांकवावी लागते व उडी मारून एकाच पायावर उतरावें लागतें. बूट ताठ असल्यामुळें घोटा पुरता वांकत नाहीं, आणि जो धक्का घोट्यानें सोसावयाचा तो वर कमरेपर्यंत जातो.

कमरेंत पांच मणके असतात. वाढत्या वयांत त्यांच्या मागील बाजूचा एक बारीक दुवा पुरता बळकट झालेला नसतो. तार एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं, पुनःपुन्हां वांकविल्यानें तुटते. त्याचप्रमाणें ह्या दुव्यास, बहुधा सर्वांत खालच्या मणक्यांत, हळूहळू चीर पडते. कसरत करणाऱ्या मुलांस व क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजांसहि हाच धोका असतो.

चीर नवी असतां कांहीं महिने खेळ थांबविल्यास ती बहुधा भरून येते. अडचण अशी कीं मुलें दुखणें लपवितात. संघांतून नांव जाईल ही भीति. शिवाय वडिलांनीं बुटांसाठीं पैसे कसे उभे केले हें त्यांनीं पाहिलेलें असतें. ह्यांत दोष मुलांचा थोडा व आम्हां वडील माणसांचा अधिक. “एवढ्यानें रडतोस?” हे शब्द आमच्याहि तोंडून एकदां गेले आहेत. रशियाचा नामांकित खेळाडू प्लुशेन्को यास २०१४ सालीं सोची येथील ऑलिंपिकमध्यें पाठीच्या दुखण्यामुळें वैयक्तिक स्पर्धेंतून ऐन वेळीं माघार घ्यावी लागली; मग आपल्या बारा वर्षांच्या मुलानें कां लाजावें?

सरावानंतर अंग आंबून दोन दिवस दुखलें तर काळजी नको. परंतु दुखणें दोन आठवडे टिकलें, किंवा मागें वांकतांना वाढूं लागलें, तर खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांस दाखवावें. कंबर तुडवून घेण्याची आपल्याकडील चाल अशा वेळीं टाळावी. साध्या एक्स-रेंत नवी चीर पुष्कळदां दिसत नाहीं. तेव्हां तेवढ्यावरून मुलास लगेच मैदानांत धाडूं नये. ताप, रात्रीं झोंप मोडणारी कळ, पायांत बधिरपणा किंवा लघवीवरील ताबा जाणें, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावर प्रथम पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट करावे, मग सावकाश धांव, आणि उड्या सर्वांत शेवटीं.