लिफ्ट कुणाला ओळखते?

गेल्या श्रावणात माझी थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली. वय बहात्तर, घरी एकटी, घर दादरच्या एका उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर. ताई फोन उचलत नाहीत म्हणून तिच्याकडे काम करणाऱ्या मावशी दुपारी परत आल्या. पण त्यांच्या कार्डाची वेळ सकाळी अकरालाच संपलेली. वॉचमनने इंटरकॉम लावला. उत्तर नाही. ‘घरी कुणी नसेल, संध्याकाळी या,’ तो म्हणाला. घराची किल्ली मावशींच्या कनवटीला होती, लिफ्टची नव्हती. त्यांनी मला फोन केला, मी सेक्रेटरींना गाठले, आणि लिफ्ट वर गेली तोवर चाळीस मिनिटे उलटली होती.

ताई बरी झाली. ती चाळीस मिनिटे कुणी खाल्ली, यंत्राने की माणसाने, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. म्हणून लिफ्टच्या मेकॅनिकांना विचारत, नियम चाळत जे समजले ते इथे मांडतो.

आपण मजल्याचे बटण दाबतो म्हणजे लिफ्टला हुकूम देतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती एक विनंती असते. ती कंट्रोलर नावाच्या पेटीकडे जाते आणि लिफ्ट कुठे न्यायची ते ही पेटी ठरवते. कार्डाची व्यवस्था या विनंतीच्या वाटेत उभी असते. कार्डात बॅटरी नसते. रीडरजवळ नेले की रीडरच्या रेडिओ लहरींवरच त्यातली चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक यादीशी ताडून पाहिला जातो: कोणता मजला, कोणते वार, किती ते किती वाजेपर्यंत. जुळले तर काही सेकंदांपुरते त्या मजल्याचे बटण जिवंत होते. नाही तर कितीही दाबा, दिवा लागत नाही. तळमजल्यावर उतरायला मात्र कार्ड लागू नये, असाच संकेत आहे. कुलूप वर जाण्याला असते, बाहेर पडण्याला नाही.

काही नव्या इमारतींत लिफ्ट थेट घराच्या दिवाणखान्यात उघडते. तिथे लिफ्टचे दार हेच घराचे दार, म्हणून हे कुलूप आणखी महत्त्वाचे. पण त्याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. यंत्र माणसाला ओळखत नाही, क्रमांकाला ओळखते. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी साधी जुनी कार्डे दर वेळी तोच क्रमांक उघडपणे सांगतात. त्यांची नक्कल सहज होते. १३.५६ मेगाहर्ट्झच्या चांगल्या कार्डांत सांकेतिक देवाणघेवाण असते, ती फसवणे अवघड. तरीही एकाने कार्ड लावले आणि त्याच्यामागून तिघे आत शिरले, तर यंत्राला त्याचा पत्ता नसतो. शेवटी भिस्त राहते ती कॅमेऱ्यावर आणि वॉचमनवर.

लिफ्टच्या बाबतीत ‘सुरक्षा’ या शब्दाचा अर्थही बदलत गेला आहे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस यांनी उंचावर टांगलेल्या फळीवर उभे राहून तिचा दोर कापायला लावला, आणि फळी जागच्या जागी अडकून राहिली. तेव्हा सुरक्षा म्हणजे आतला माणूस खाली न पडणे. आपल्याकडचा १९३९ सालचा मुंबई लिफ्ट कायदा आणि त्याची जागा घेणारा २०१७ सालचा महाराष्ट्राचा कायदा यांचा मुख्य रोखही परवाना, तपासणी आणि अपघात यांवरच आहे. आज सोसायटीच्या सभेत मात्र सुरक्षा म्हणजे बाहेरचा माणूस वर न जाणे. पूर्वी जाळीचे दार ओढणारा लिफ्टमन दोन्ही कामे करी, कारण तो चेहरे ओळखत असे.

आता मावशींच्या कार्डाकडे येऊ. ते फक्त सर्व्हिस लिफ्टला चालते. सामान, फर्निचर, कचरा यांसाठी वेगळी लिफ्ट असणे समजू शकते; माणसांची वाटणी ही वेगळी गोष्ट. ब्राझीलमध्येही अशीच विभागणी रुजली होती: एक रहिवाशांची ‘सामाजिक’ लिफ्ट, दुसरी नोकरांची. साओ पाउलो शहराने १९९६ साली कायदा करून लिफ्टच्या वापरात वंश, रंग, सामाजिक स्थिती अशा कारणांवरून भेदभाव करायला बंदी घातली आणि तशी सूचना इमारतींत लावणे बंधनकारक केले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तळमजल्यावरच्या एका लहानशा स्विचमध्ये सापडले. उंच इमारतींत आगीच्या वेळी वापरायची लिफ्ट असते. तिचा फायरमन स्विच फिरवला की ती सगळ्या विनंत्या सोडून खाली येते आणि मग फक्त जवानांचे ऐकते. जोडणी नीट केलेली असेल, तर तिथे कार्डाचे काही चालत नाही. म्हणजे संकट हे परवानगीपेक्षा मोठे, हे यंत्र घडवणाऱ्यांनी गृहीत धरलेले आहे. ते धरले नव्हते आमच्या नियमांनी. इंटरकॉमवरचे मौन म्हणजे नकार, एवढेच वॉचमनला शिकवलेले होते. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरातले मौन ही हाकही असू शकते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याचा दोष मी मानत नाही. त्याने नोकरी सांभाळली.

ताईने सोसायटीकडे लेखी अर्ज केला. सभेत वाद झाला, पण दोन ओळी मंजूर झाल्या. एकटे राहणाऱ्या रहिवाशाने नाव दिलेल्या व्यक्तीचे कार्ड दिवसभर चालेल. आणि इंटरकॉमला उत्तर नसेल आणि ओळखीचे माणूस काळजी व्यक्त करत असेल, तर वॉचमन स्वतः त्याच्यासोबत वर जाईल. खर्च शून्य. यादीतली एक वेळ तेवढी बदलावी लागली.

मावशींना नवे कार्ड मिळाले. ते त्या घराच्या किल्लीच्याच जुडग्यात अडकवतात. ते अजूनही सर्व्हिस लिफ्टलाच चालते. पुढच्या सभेसाठी ताईचा दुसरा अर्ज तयार आहे.