अन्नपूर्णेची उलटी प्रदक्षिणा

अश्विन पौर्णिमेच्या आधींच्या दोन-तीन दिवसांत सोलापुराहून तुळजापुराकडे जाणारी सडक माणसांनीं भरून जाते. सुमारें ४५ किलोमीटरांची ही वाट कोणी अनवाणी, कोणी कडेवर मूल घेऊन रात्रभर चालतो, आणि बालाघाटाचा चढ चढून देवीच्या दारीं उभा राहतो. धाराशिव जिल्ह्यांतील माणसाला चालण्याचें अप्रूप नाहीं. तेव्हां एखाद्या गृहस्थाच्या कानीं आलें कीं नेपाळांत अन्नपूर्णा पर्वताभोंवतीं दोन-तीन आठवड्यांची पायीं प्रदक्षिणा करितां येते, वाटाड्या मिळतो, हमाल मिळतो, रात्रीं निजावयास खोली आणि जेवावयास डाळभात मिळतो, तर त्याच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हाच, कीं चालण्याचें भय आम्हांला कसलें?

चालण्याचें भय नाहींच. भय आहे तें निराळ्या गोष्टीचें, आणि ती गोष्ट तुळजापूरच्या वाटेवर कधीं भेटत नाहीं.

मराठी नववधू माहेराहून निघतांना हातांत पळी धरलेली जी लहानशी मूर्ति बरोबर आणते, तिचेंच नांव या पर्वताला आहे. परंतु अन्नपूर्णा म्हणजे एखादें एकटें शिखर नव्हे. ती सुमारें ५५ किलोमीटर लांबीची रांग असून तिचें मुख्य शिखर ८,०९१ मीटर उंच आहे. सात हजार मीटरांवरील शिखरें तर डझनभर आहेत. मुख्य शिखरावर मनुष्याचें पाऊल लागलें तें ३ जून १९५० रोजीं. आठ हजार मीटरांहून उंच अशा कोणत्याहि शिखराच्या माथ्यावर मनुष्य पोंचल्याची ती पहिलीच वेळ. आणि तो मान मिळविणाऱ्या मोरिस एर्झोग व लुई लाशनाल या दोघां फ्रेंच गिर्यारोहकांना हिमदंशामुळें पायांचीं बोटें गमवावीं लागलीं. एर्झोगच्या तर हातांचीं बोटेंहि गेलीं. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक २०२१ च्या एप्रिल महिन्यांत त्याच माथ्यावर उभे राहिले. पण तें काम गिर्यारोहकांचें. प्रदक्षिणा करणारा शिखराच्या वाटेस जात नाहीं. दोर किंवा बर्फ फोडण्याची कुऱ्हाड यांचें त्याला सहसा कारण पडत नाहीं. १९७७ च्या सुमारास परदेशी प्रवाशांस खुली झालेली ही वाट खेड्याखेड्यांतून जाते, आणि साठी उलटलेलीं जोडपींहि तिच्यावर आढळतात.

या प्रदक्षिणेंत भाविक मनाला खटकणारी एक गोष्ट आहे. देवाला प्रदक्षिणा घालावयाची ती देव उजव्या हाताला ठेवून. त्या प्रदेशांतील बौद्ध लोकहि वाटेवरील मंत्र कोरलेल्या शिळांच्या भिंती उजव्या हातालाच ठेवितात. परंतु अन्नपूर्णेभोंवतीं जाणारे जवळजवळ सारे प्रवासी पर्वत डाव्या हाताला ठेवून चालतात. पूर्वेकडे मर्स्यांगदी नदीच्या खोऱ्यांतून चढावयाचें, उत्तरेस थोरोंग ला नांवाची ५,४१६ मीटर उंचीची खिंड ओलांडावयाची, आणि पश्चिमेस काळी गंडकीच्या खोऱ्यांतून उतरावयाचें, असा क्रम. यांत अश्रद्धा नाहीं. कारण मनुष्याच्या फुप्फुसांत आहे. उजवी प्रदक्षिणा घालूं गेल्यास मुक्तिनाथाहून, म्हणजे सुमारें ३,८०० मीटरांवरून, खिंडीपर्यंतचा सोळाशें मीटरांचा चढ बहुधा एकाच दिवसांत चढावा लागतो, कारण मध्यें सोयीचे मुक्काम फारसे नाहींत. मर्स्यांगदीच्या बाजूनें चढ लांबचा असला तरी तो आठ-दहा दिवसांवर वांटला जातो.

आरंभ मोठा फसवा आहे. बेसीसहर हें जेथून पूर्वापार चालावयास लागत तें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ७६० मीटर उंच. धाराशिव शहर साडेसहाशें मीटरांच्या सुमारास. म्हणजे पहिल्या दिवशीं हवा घरचीच. भाताचीं खाचरें, केळी, उकाडा. मग दरी अरुंद होते, सूचिपर्णी झाडें दिसूं लागतात, आणि चार-पांच दिवसांनीं चामे हें गांव येतें, तें सुमारें २,७०० मीटरांवर. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच असें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर. चामे त्याच्याहि डोक्यावर हजार मीटर बसलेलें आहे. पुढच्या परीक्षेची तालीम करण्यास आपल्या महाराष्ट्रांत जागाच नाहीं, असा याचा अर्थ. बालाघाटाच्या टेकड्या रोज चढून पाय तयार होतील, दम वाढेल. तें अवश्य करावें. पण विरळ हवेची संवय पायांना लावावयाची नसते. ती रक्ताला लागावी लागते, आणि त्या उंचीवर राहूनच ती लागते.

हवा विरळ होते म्हणजे काय होतें? पुष्कळांचा समज असा कीं उंचीवर हवेंतील प्राणवायूचें प्रमाण घटतें. तसें नाहीं. शंभर भाग हवेंत एकवीस भाग प्राणवायु हें प्रमाण खिंडींतहि कायम असतें. घटतो तो हवेचा दाब. थोरोंग ला येथें तो समुद्रकांठच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळें एका श्वासांत येणारा प्राणवायूहि निम्माच. उन्हाळ्यांत विहीर आटली म्हणजे पोहरा अर्धाच भरून वर येतो आणि तेवढ्याच पाण्यासाठीं दोनदां खेंचावें लागतें, तसें शरीराचें होतें. श्वास जलद होतो, नाडी जलद चालते. जलद श्वासामुळें रक्तांतील आम्लाचा तोल ढळतो, तो मूत्रपिंडें चार-दोन दिवसांत सांवरून घेतात. तांबड्या पेशी पुरेशा वाढावयास तर आठवडे लागतात. हा वेळ पैसा देऊन किंवा हिंमत दाखवून कमी होत नाहीं. उलट धट्टाकट्टा तरुणच पुष्कळदां फसतो, कारण त्याचे पाय त्याच्या रक्ताच्या पुढें धांवतात.

म्हणून नियम असा कीं, तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर उद्यांचा मुक्काम आजच्या मुक्कामाहून पांचशें मीटरांपेक्षां अधिक उंचावर नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच गांवीं राहावें. ३,५४० मीटरांवरील मनांग येथें दोन रात्री काढतात त्या यासाठीं. त्या दिवशीं अंथरुणांत पडून राहावयाचें नसतें. गंगापूर्णेच्या हिमनदीसमोरील टेकाड चढावें, वर कांहीं वेळ काढावा, आणि निजावयास खालीं यावें. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशन या संस्थेचा दवाखाना आहे. हंगामांत तेथील डॉक्टर दुपारीं प्रवाशांना याच विषयावर व्याख्यान देतात. तें चुकवूं नये.

वाटाड्याचें खरें काम येथें सुरू होतें. वाट दाखविण्यासाठीं त्याची गरज थोडी. स्वच्छ हवेंत ही वाट चुकणें कठीण. त्याचें काम थांबविण्याचें. जेवण नको म्हणणारा, कपाळ दाबून बसणारा, रात्रभर जागा राहिलेला प्रवासी त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश एवढेंच असेल तर तेथेंच थांबावयाचें आणि बरें वाटेपर्यंत वर पाऊल टाकावयाचें नाहीं. परंतु बसल्या जागीं धाप लागूं लागली, खोकल्याबरोबर फेंस आला, सरळ रेषेंत पावलापुढें पाऊल जुळवून चालतां येईनासें झालें, किंवा बोलणें असंबद्ध झालें, तर फुप्फुसांत पाणी भरूं लागलें किंवा मेंदूला सूज आली असें समजून रोग्याला तत्काळ खालीं न्यावयाचें, मग रात्र कां असेना. असा मनुष्य बहुधा 'मला कांहीं झालेलें नाहीं' असेंच म्हणत असतो, आणि त्याचें ऐकावयाचें नसतें. ॲसिटाझोलामाइड नांवाचें औषध डॉक्टरच्या सल्ल्यानें घेतल्यास शरीराला संवय होण्यास साहाय्य होतें. उतरण्याची जागा मात्र तें घेऊं शकत नाहीं. नेपाळच्या पर्यटन मंडळानें २०२३ च्या एप्रिलपासून परदेशी पदयात्रिकांना परवानाधारक वाटाड्या आवश्यक ठरविला, तो उगाच नव्हे.

पण आतां मोटारीचा कच्चा रस्ता मनांगपर्यंत गेला आहे, आणि पलीकडच्या बाजूनें मुक्तिनाथापर्यंत. दिवाळीच्या सुटीचे दिवस बोटांवर मोजून निघालेल्या नोकरदाराला वाटतें, आठ दिवसांचा चढ जीपमध्यें बसून एक-दोन दिवसांत कां उरकूं नये? जीप त्याच्या देहाला नेते. त्याचें रक्त बेसीसहरालाच राहतें. वेळ थोडा असेल तर ही प्रदक्षिणा त्या वर्षीं करूं नये, हेंच बरें. स्वस्त सौद्यांत जे दिवस कापलेले असतात, ते बहुधा मुक्कामाचेच असतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं कार्यक्रमांतील मुक्कामांची उंची एकेक करून तपासावी.

त्या सौद्यांत आणखी एक मनुष्य भरडला जातो, तो हमाल. पाठीवर वीस-पंचवीस किलो ओझें घेऊन पुढें जाणारा हा गडी पर्वतपुत्रच आहे, त्याला थंडीवारा काय बाधणार, असें प्रवाशाला वाटतें. पुष्कळदां तो खालच्या खोऱ्यांतला शेतकरी असतो. विरळ हवा त्याला प्रवाशाइतकीच नवी असते, आणि अंगावर कपडे मात्र कमी. डोकें दुखतें असें सांगितलें तर मजुरी बुडेल म्हणून तो बोलत नाहीं. त्याला उबदार कपडे, निजावयास छप्पर आणि विमा आहे कीं नाहीं हें विचारणें ज्याच्या पैशानें तो आला त्याचें काम आहे.

१४ ऑक्टोबर २०१४ रोजीं हें सारें एकदम उघडें पडलें. कोजागिरी होऊन आठवडाहि झाला नव्हता. हंगाम ऐन भरांत होता. १२ तारखेला हुदहुद नांवाचें चक्रीवादळ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळलें, उत्तरेकडे सरकलें, आणि त्याचें बाष्प हिमालयाला अडून प्रचंड हिमवर्षाव झाला. बंगालच्या उपसागरांतील या वादळाची वर्दी खिंडीच्या पायथ्याशीं असलेल्या बहुतेकांना पोंचलीच नव्हती. जे निवाऱ्याला धरून राहिले त्यांतील बहुतेक वांचले. उतार गांठूं म्हणून बर्फांतून निघालेल्यांपैकीं पुष्कळ वाट हरवून बसले. अन्नपूर्णा आणि धवलगिरि या दोन्ही भागांत मिळून चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत परदेशी प्रवासी होते, भारतीय होते, आणि त्यांच्याबरोबरचे नेपाळी वाटाडे व हमालहि होते. तेव्हांपासून शहाणा वाटाड्या आकाशाबरोबर समुद्राचीहि बातमी विचारतो.

हवा चांगली असेल तर खिंडीचा दिवस पहाटेच्या अंधारांत सुरू होतो, कारण उन्हें वर आलीं कीं वारा उठतो. खिंड ओलांडून गुडघे मोडणारा सोळाशें मीटरांचा उतार उतरला कीं मुक्तिनाथ. येथें विष्णूचें मंदिर, त्याच्या मागें १०८ धारांचें थंडगार पाणी, आणि हिंदू व बौद्ध दोघांचीहि पूजा. भोंवतालचा मुलूख पाहून धाराशिवकराला मात्र ओळखीचें वाटेल. सह्याद्रि पाऊस अडवितो आणि आपल्याकडे ढग रिकामे येतात, तोच प्रकार येथें अन्नपूर्णेनें केला आहे. तिच्या दक्षिणेस लुमले गांवीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उत्तरेच्या आडोशाला जोमसोम येथें तीनशें मिलिमीटरांच्या आंतबाहेर. आपल्या जिल्ह्याच्या निम्म्यापेक्षांहि कमी!

तुळशीच्या लग्नांत जो काळा शाळिग्राम मांडतात तो याच काळी गंडकीचा. त्याच्या पोटांतील चक्र म्हणजे शिंपल्यांत राहणाऱ्या एका नष्ट झालेल्या समुद्रजीवाचा ठसा, सुमारें पंधरा कोटी वर्षांपूर्वींचा; त्या काळीं येथें समुद्र होता. बालाघाटाचा काळा दगड लाव्हारसानें बनला तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं. भारताची भूमि आशियाला भिडून हिमालय वर उचलला जाऊं लागला तो त्याच्याहि नंतर, सुमारें पांच कोटी वर्षांपूर्वीं. तुळजापूरच्या घाटांतला दगड हिमालयाहून वडील आहे, हें घाट चढतांना कोणाच्या मनांतहि येत नसेल.

जोमसोमहून खालीं दुपारचा वारा तोंडावर घेत, एका बाजूस धवलगिरि व दुसऱ्या बाजूस अन्नपूर्णा अशा खोल दरींतून चालत तीन-चार दिवसांत तातोपानी गांव येतें. उंची अवघी बाराशें मीटरांच्या सुमारास, आणि नदीकांठीं गरम पाण्याचे झरे. येथें हवा पुन्हां दाट झालेली असते. पाय पाण्यांत सोडून बसलेल्या प्रवाशाला कित्येक दिवसांनीं खरी भूक लागते, आणि तो दुसऱ्यांदा डाळभात मागतो.