हौस आणि हिशेब

बँकेत एक नियम अंगवळणी पडला होता : एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासल्याशिवाय पास व्हायचे नाही. निवृत्तीनंतर तो मीच मोडला. माझ्या कादंबऱ्यांची वेबसाइट भाच्याने हौसेने, फुकटात करून दिली. उघडताच बासरी वाजे, पिंपळपाने उडत आणि मधोमध माझा फोटो. घरात वाहवा झाली. मी पेढेही वाटले.

मग एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मधुमेहाने त्याची दृष्टी गेली आहे. संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो आणि तो ऐकतो. म्हणाला, "अरे, तुझं पहिलं प्रकरण उघडलं. बासरी वाजली आणि मशीन गप्पच बसलं."

कारण साधे होते. माझे हस्तलिखित जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेले. वेबसाइटवर त्याची अगम्य चिन्हे झाली, म्हणून भाच्याने पानांची छायाचित्रेच चिकटवली. डोळसाला ती अक्षरे, यंत्राला नुसते चित्र. असा मजकूर शोधूनही सापडत नाही. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे आणि अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीची वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ची!

शेवटी पैसे मोजून एका व्यावसायिक बाईंना गाठले. त्यांनी आवडता रंग विचारला नाही. वाचणार कोण? मोबाइलवर की संगणकावर? वाचून झाल्यावर त्याने काय करावे? कर्ज मागायला आलेल्याला मीही असेच भंडावून सोडत असे. त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये आणला, मुखपृष्ठांच्या चित्रांना शब्दांत वर्णने जोडली आणि बासरी बंद केली, कारण वाचणाऱ्या यंत्राचा आवाज तिच्यात बुडत होता. वेबसाइटच्या नावाची नोंदणी भाच्याच्या नावावर होती, तीही माझ्या नावावर करायला लावली. तारण मालकाच्याच नावावर हवे, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो होतो!

भाच्याच्या मायेत खोट नव्हती, बिचाऱ्याने रात्री जागवल्या. पण त्याने वेबसाइट मामासाठी केली, बाईंनी वाचकासाठी. हौशी आणि व्यावसायिक यांतला फरक मला एवढाच दिसतो. फुकटाचाही खर्च असतो. न बोलता परत गेलेल्या वाचकांची नोंद कुठल्याच खातेवहीत होत नाही.

परवा त्या मित्राचा पुन्हा फोन आला. "सगळं ऐकलं," म्हणाला, "तिसरं प्रकरण फार लांबलंय."

बाईंचे बिल त्याच क्षणी वसूल झाले.