गवत कापण्याच्या यंत्राचें पातें

घरापुढें थोडीशी हिरवळ असावी अशी हौस पुष्कळांना असते. परंतु ती राखणाऱ्या यंत्राच्या पोटांत काय आहे, याची चौकशी थोडेच करतात. पावसाळ्यांत गवत भराभर वाढतें, यंत्र तें कापण्याऐवजीं ओरबाडूं लागतें, शेंडे पिंगट पडतात, आणि माळी सांगतो, "साहेब, पातें गेलें." मग दुकानदार देईल तें पातें आपण आणतों. तें पारखून कसें घ्यावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम यंत्राची जात पाहावी. इंग्लंडांत स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग यानें १८३० सालीं अशा पहिल्या यंत्राचें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या गिरणींतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. त्यांत रुळावरचीं वळणदार पातीं खालच्या स्थिर पात्याशीं मिळून कातरीप्रमाणें गवत कातरतात. हातानें ढकलण्याचीं यंत्रें आजहि बहुधा याच तत्त्वावर चालतात. त्यांचीं पातीं एकमेकांशीं बरोबर जुळवावीं लागत असल्यामुळें तें काम जाणत्या कारागिराकडेच द्यावें.

वीज, बॅटरी किंवा पेट्रोल यांवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांत मात्र आडवें पातें गरगर फिरतें व वेगाच्या माऱ्यानें गवत तोडतें. २१ इंची पातें मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोंकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरांत जातो. असें पातें निखळलें किंवा मोडलें, तर काय होईल हें सांगावयास नको.

म्हणून जुनें पातें बरोबर घेऊनच दुकानांत जावें. लांबी एका धारेच्या टोंकापासून समोरच्या धारेच्या टोंकापर्यंत, मधल्या भोंकावरून तिरपी मोजावी. यंत्रावरील आकडा कापणीच्या पट्ट्याची रुंदी दाखवितो, आणि मोठ्या यंत्रांत तो पट्टा दोन-तीन पातीं मिळून कापतात. मधलें भोंक वाटोळें आहे कीं चांदणीच्या आकाराचें, त्याचें माप काय, शेजारीं आणखी भोंकें आहेत काय, हेंहि पाहावें. रुंदी, जाडी व मधला बांक जुळला पाहिजे. यंत्राच्या पुस्तिकेंत पात्याचा क्रमांक असल्यास तोच सर्वांत भरंवशाचा.

आतां आकार. पात्याच्या टोंकांशीं मागची कड पंख्यासारखी वर वळलेली असते. ती जितकी उंच, तितका वारा जोराचा. त्यानें गवत उभें राहतें व कापलेलें गवत पिशवींत जाऊन पडतें. परंतु यंत्रावर भार वाढतो, आणि रेताड जमिनींत रेती उडून पातें लवकर झिजतें. तेथें कमी उंचीची कड बरी. गवताचा बारीक चुरा करून तो खत म्हणून जागींच टाकणारें वेगळ्या वळणाचें पातेंहि मिळतें. मात्र ओल्या, उंच गवतांत तें तुंबतें.

नुसती धार गेली असेल, तर नवें पातें नको, कानस पुरे. चीर पडली, पातें वांकलें किंवा वळलेली कड पातळ झाली, तर तें टाकूनच द्यावें. ठोकून सरळ करणें किंवा झाळून जोडणें ही काटकसर नव्हे. धार लावल्यावर पातें मधल्या भोंकानें भिंतींतल्या खिळ्यावर अडकवावें. एक बाजू खालीं झुकली तर ती जड आहे. ती थोडी घासावी. तोल नसलेलें पातें यंत्राला हादरे देऊन आंसाचीं बेअरिंगें खराब करतें.

बसवितांना आधीं वीज तोडावी, बॅटरी काढावी, किंवा पेट्रोलच्या यंत्रांत स्पार्क प्लगची तार सोडवावी. हातांत जाड मोजे असावे. वळलेली कड यंत्राच्या अंगाकडे ठेवून पुस्तिकेंत सांगितलेल्या जोरानें बोल्ट आवळावा. अमेरिकेंत १९८२ पासून असा नियम आहे कीं, मागून चालत चालविण्याच्या घरगुती यंत्राची मूठ सोडतांच पातें ३ सेकंदांत थांबलें पाहिजे. पण बोट जाण्यास तेवढाहि वेळ लागत नाहीं.

यंत्र आपलें असलें, तरी त्याच्यामागें पुष्कळदां माळ्याचीं पावलें असतात, आणि तींहि बहुधा अनवाणी. नव्या पात्याबरोबर त्याच्यासाठीं भक्कम बुटांचा एक जोड घ्यावा, एवढी विनंति आहे.